चार बोटं बुटका

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, बागेतला तर मुळीच नव्हे. मी व्यायामशाळेतला बाक. माझ्यावर उताणं झोपून माणसं छातीवरून लोखंड उचलतात, त्यामुळे मला थोडा भाव खायची सवय लागली आहे. तेवढं चालवून घ्या. आणि माझी गोष्ट आनंदाची आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी नाक ओढत बसायला नको.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला आणि जन्मतःच माझ्यात एक खोट राहिली. त्याचं असं झालं. उस्तादांनी नवीन व्यायामशाळा काढली होती. दुमजली घराचा तळमजला, पुढे लोखंडी शटर, आत दोन भिंतींना आरसे, खाली रबरी चटया. वरच्या मजल्यावर उस्ताद आणि त्यांची आई राहायची. उस्तादांचं मनगट माझ्या पायाएवढं जाड, आवाज खणखणीत, उंची मात्र बेताची. वेल्डरने विचारलं, "बाकाची उंची किती ठेवू?" उस्ताद म्हणाले, "पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. तेवढी." वेल्डरने त्यांनाच स्टुलावर बसवलं, टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि त्या मापाने माझे पाय कापले. झालं! जगातली सगळी माणसं उस्तादांएवढीच असतात, अशी त्या दोघांचीही समजूत असावी. मी व्यायामशाळेत पोचलो तो चार बोटं बुटका.

पहिल्याच दिवशी एक ताडमाड मुलगा माझ्यावर आडवा झाला. त्याला सगळे लंबू म्हणायचे. त्याचे गुडघे जवळजवळ छताकडे गेले. "उस्ताद, हा बाक आहे की पायरी?" तो म्हणाला आणि सगळी पोरं खो खो हसली. मला इतकं लागलं म्हणून सांगू! उस्ताद मात्र शांतपणे म्हणाले, "आधी वजन उचल, मग बोल." त्याला उचलता आलं नाही. मग मीही मनातल्या मनात हसून घेतलं.

माझं कातडं मात्र जन्मापासून बिनखोट. ते उस्तादांच्या आईंनी शिवलं. त्या वरच्या खोलीत शिवणयंत्रावर दप्तरं, पडदे, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. माझ्यासाठी त्यांनी तपकिरी रेक्झिन आणलं आणि दुहेरी टीप मारली. म्हणाल्या, "माझ्या टिपेवर हत्ती बसला तरी उसवायची नाही." व्यायामशाळेतली सगळीच पोरं त्यांना आई म्हणायची. मग मीही म्हणू लागलो.

ती वर्षं काय झकास होती! सकाळी साडेपाचला शटर धडधडत वर जायचं आणि पोरं आत घुसायची. उस्तादांची शिकवायची एक तऱ्हा होती. ते आकडे मोजायचेच नाहीत. शेजारी उभं राहायचं आणि म्हणायचं, "अजून एक." पोरगं घामाघूम होऊन विचारायचं, "उस्ताद, किती झाले?" उत्तर ठरलेलं, "अजून एक." वरून आईंच्या यंत्राची खटखट, खाली वजनांची खणखण, मधे उस्तादांचं "अजून एक." मला वाटायचं, हे असंच चालणार. लोखंडाला बदल चटकन सुचत नाही.

मग पलीकडच्या रस्त्यावर नवीन व्यायामशाळा उघडली. तीन मजली. आत गार हवा, धावायचे पट्टे, प्रत्येक यंत्राला चमकता पडदा. पोरं आधी नुसती बघायला गेली, मग तिकडचीच झाली. त्यांना तरी नावं कशाला ठेवू? पाय दुमडून माझ्यावर झोपण्यापेक्षा तिथे ऐसपैस होतं. सगळ्यांत शेवटी लंबू गेला. तो सांगायला आला तेव्हा मान वर करेना. उस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "अरे, तिकडे वजन जास्त आहे. खांदे जपून." लंबू गेल्यावर ते बराच वेळ माझ्यावर बसून राहिले. त्यांचे पाय जमिनीला पूर्ण टेकले होते.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावरही काही ठीक चाललं नव्हतं. आई दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलंही. शेजारच्याच दारात हाडांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्या सारख्या सांगायच्या, "आता उठा, चाला, काही होत नाही." पण भीती काही जुळलेल्या हाडाला विचारून जात नाही. आणि उस्तादांचं म्हणाल तर शंभर किलो सहज उचलणारा माणूस, त्याला आई म्हणजे किती? सकाळी पलंगावरून उचलून खुर्चीवर, दुपारी खुर्चीवरून उचलून पलंगावर. दर गुरुवारी दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरायचे आणि दवाखान्यात न्यायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, "मुलगा असावा तर असा!" उस्ताद लाजायचे. आई मान फिरवून घ्यायच्या. वरचं यंत्र गप्प झालं होतं.

शेवटी उस्तादांनी ठरवलं की व्यायामशाळा बंद करायची. नव्या व्यायामशाळेने त्यांना नोकरी देऊ केली होती. पहिल्या तारखेपासून त्यांचा रंगीत टी-शर्ट घालून तिथे उभं राहायचं. त्यांनी हो म्हटलं. दांडे आणि वजनं कुणीकुणी नेली. मला मात्र कुणी विचारेना. जो यायचा तो बसून बघायचा, गुडघे पोटाशी आले की "छे, फारच खाली आहे" म्हणायचा आणि काढता पाय घ्यायचा. म्हणून एका गुरुवारी सकाळी उस्तादांनी मला उचलून शटरबाहेर फुटपाथवर ठेवलं. भंगारवाला येणार होता.

त्या दिवशी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. उस्तादांनी आईंना खाली आणलं, माझ्यावर बसवलं आणि "नंबर लावून येतो" म्हणून आत गेले. आईंनी माझ्यावर हात फिरवला. बोटाने टीप चाचपली. "माझीच आहे की ही," त्या पुटपुटल्या आणि चिमटीत धरून ओढून पाहिली. अर्थात हलली नाही. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोन्ही हात माझ्यावर टेकले आणि उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला. मी बुटका, त्यांचे गुडघे वर आलेले. तिसऱ्या वेळी त्या वीतभर वर आल्या आणि धप्पकन खाली बसल्या. तेवढ्यात उस्ताद बाहेर आले, धावले आणि त्यांनी आईंना अलगद उचललं.

आईंनी त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली. "खाली ठेव मला."

"अगं आई, पडशील."

"ठेव म्हणते ना! मी काय डंबेल आहे? दोन वर्षं झाली, उचल आणि ठेव, उचल आणि ठेव. परक्यांच्या पोरांना घाम गाळून शिकवलंस. मला उठायला कधी शिकवलंस का?"

 उस्तादांनी आईंना हळूच माझ्यावर ठेवलं. हा माणूस प्रेमाने उचलत होता हो, त्यात खोट नव्हती. पण रोज उचलून ठेवलेल्या माणसाचे पाय उठायचं विसरतात, हे सगळ्या गावाला व्यायाम शिकवणाऱ्या उस्तादांना कधी सुचलंच नव्हतं.

नेमका तेव्हाच भंगारवाला हातगाडी ढकलत आला. खांद्यावर दोर. "उस्ताद, हाच ना तो बाक?"

"हा द्यायचा नाही," आई म्हणाल्या.

"आई, अगं ठरलंय आमचं."

"मग आता माझं ऐक. ज्या दिवशी मी या बाकावरून हात न टेकता उठेन, त्या दिवशी खुशाल दे. तोवर शटर उघडं राहील. बाकही इथे राहील आणि तूही."

भंगारवाल्याने डोकं खाजवलं. "काकू, मग मी पुढच्या गुरुवारी येऊ?"

"ये. दर गुरुवारी ये."

आता माझी पंचाईत बघा, मित्रांनो. आई उठल्या नाहीत तर त्या कायमच्या खुर्चीत. आणि उठल्या की मी चाललो हातगाडीवरून भट्टीत! असा पेच कुठल्या बाकावर आला असेल?

मला पुन्हा आत घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहिला तास पार फसला. उस्ताद आईंच्या कानाशी उभे राहून पैलवानाला सांगावं तसे गरजले, "अजून एक!" आई म्हणाल्या, "ओरडू नकोस, ऐकू येतं मला. आणि पहिलाच झाला नाही, तर अजून कुठला?" उस्तादांनी कपाळाला हात लावला. मग ते मुकाट्याने शेजारी डॉक्टरीणबाईंकडे गेले. एवढे नावाजलेले उस्ताद, पण लहान मुलासारखी वही घेऊन बसले. बाईंनी सांगितलं, "आधी बसायची जागा उंच करा. पाय मागे घ्यायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्यायला सांगा. मग जमीन खाली ढकलायची, माणूस आपोआप वर येतो. आणि उस्ताद, तुम्ही हात लावायचा नाही."

उस्तादांनी रबरी चटयांच्या घड्या घालून माझ्यावर पाच थर रचले. आयुष्यात पहिल्यांदाच मी उंच दिसलो. आई बसल्या, पाय मागे घेतले, नाक पुढे आणलं. उस्ताद समोर उभे राहिले आणि त्यांनी आपले हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. आई जरा डुगडुगल्या की त्यांचे खांदे पुढे यायचे, दंड थरथरायचे, पण हात मागेच. त्यांनी पेललेली सगळी वजनं मला ठाऊक आहेत. त्यातलं एकही त्यांना इतकं जड गेलं नव्हतं.

आणि आई उठल्या! पाच चटयांवरून, माझ्यावर हात टेकून का होईना, पण स्वतः उठल्या. उस्ताद अगदी हळू आवाजात म्हणाले, "अजून एक?" आई म्हणाल्या, "आता कसं बोललास!"

हे सगळं शटरच्या आत चालायचं, पण शटर उघडं. शेजारी दवाखान्याबाहेर बसलेली माणसं माना लांब करून बघायची. त्यात एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांना टपालकाका म्हणत. चाळीस वर्षं गावभर पायी हिंडलेला माणूस, पण आता बसलं की उठवेना. दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी आत येऊन म्हणाले, "उस्ताद, काकूंचं झालं की मला बसू द्या की जरा. दवाखान्यात नंबर यायला अवकाश आहे." त्यांच्या मागून दोघी बहिणी आल्या, एकीचा गुडघा दुखरा, दुसरी तिला सोबत. सोबतीला आलेलीच जास्त रमली. पंधरा दिवसांत माझ्यासमोर रांग लागली. लंबू आणि मंडळी असतानाही माझ्यासाठी अशी रांग कधी लागली नव्हती, हे मी मुद्दाम नमूद करतो.

उस्तादांनी व्यायामशाळेचं रूपच पालटलं. लोखंडी दांड्यांच्या जागी झाडूचे दांडे आले, वजनांच्या जागी पाण्याच्या बाटल्या. एका भिंतीला आधाराचा कठडा बसवला. आरशांपुढे खुर्च्या मांडल्या. पहाटेऐवजी शटर साडेनऊला उघडू लागलं, कारण या मंडळींना सकाळी सांधे मोकळे व्हायला वेळ लागतो. गप्पांना तर ऊत यायचा. टपालकाका एकेक पत्त्याची गोष्ट सांगायचे आणि हसता हसता माणसं दोन वेळा जास्त उठून बसायची. पहिली तारीख आली. उस्तादांनी नव्या व्यायामशाळेला कळवलं, "आईचं होऊ द्या, पुढच्या महिन्यात येतो." पुढच्या महिन्यात तेच. मग तिकडच्यांनी विचारणं सोडून दिलं.

भंगारवाला मात्र वेळेचा पक्का. दर गुरुवारी हजर. हातगाडी बाहेर लावायचा, तिच्याच कडेला टेकायचा आणि विचारायचा, "काकू, किती चटया राहिल्या?" चार. मग तीन. पुढे पुढे तोही शिकवायला लागला. "काकू, नाक! नाक पुढे घ्या!" असं तिकडूनच ओरडायचा. आई म्हणायच्या, "तू भंगार बघ."

दोन चटया झाल्या. मग एक. आणि तिथे घोडं अडलं. तीन आठवडे काही केल्या ती शेवटची चटई निघेना. आई अर्ध्यात यायच्या आणि बसायच्या. आता खरं सांगतो, लपवत नाही. त्यातल्या पहिल्या गुरुवारी त्या खाली बसल्या तेव्हा मला मनातून बरं वाटलं. वाटलं, वाचलो. तशीच राहू दे ती चटई. त्याच संध्याकाळी सगळे गेल्यावर आई एकट्याच माझ्यावर बसल्या. माझ्यावर थोपटून म्हणाल्या, "दमलास का रे? मीपण दमले. पण सोडायचं नाही हं." मला माझीच लाज वाटली. माझं कातडं ज्यांनी शिवलं, त्या उठू नयेत म्हणून मी मनात डाव धरून बसलो होतो! त्या क्षणी मी ठरवलं, भट्टी तर भट्टी. या बाई उठल्याच पाहिजेत.

चौथ्या गुरुवारी उस्ताद चटई ठेवायला गेले. आई म्हणाल्या, "काढ ती."

"आई, अजून एक आठवडा..."

"काढ म्हटलं ना."

त्या दिवशी सगळे हजर होते. टपालकाका, दोघी बहिणी, दवाखाना सोडून दारात येऊन उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाई. लंबूही आला होता, स्कूटरवर मागे आपल्या वडिलांना बसवून. भंगारवाला दोर घेऊन उंबऱ्यात. आई माझ्यावर बसल्या, उघड्या रेक्झिनवर. पाय मागे घेतले. हात छातीवर घडी घालून ठेवले. उस्तादांनी आपले हात पाठीमागे बांधले. मी माझे चारही बुटके पाय जमिनीत जितके रोवता येतील तितके रोवले.

आईंचं नाक पुढे आलं. त्या माझ्यावरून सुटल्या. चार बोटं, वीतभर, अर्ध्यावर. गुडघे लटपटू लागले. उस्तादांचे हात पाठीमागून सुटले आणि पुढे आले. तेवढ्यात टपालकाका ओरडले, "उस्ताद, हात मागे!" उस्तादांनी डोळे मिटले आणि हात मागे नेले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा आई ताठ उभ्या होत्या.

मग जो गलका झाला, तो काय वर्णावा! दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. लंबूने शिट्टी मारली. उस्ताद, आमचे लोखंडी उस्ताद, लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले आणि रडता रडता हसले. आई त्यांचे डोळे पदराने पुसत म्हणाल्या, "पुरे आता. लोक बघताहेत."

हळूहळू आवाज थांबला, कारण भंगारवाला पुढे आला होता. हातातला दोर चाळवत तो म्हणाला, "काकू, म्हणजे... ठरल्याप्रमाणे... बाक..."  सगळ्यांचे चेहरे उतरले. मी मात्र तयार होतो. आनंदाने तयार होतो, खोटं नाही सांगत.

आईंनी त्याच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि सावकाश पुन्हा माझ्यावर बसल्या.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "अजून एक."

आणि पुन्हा उठल्या. मग परत बसल्या. "अजून एक." सगळे हसायला लागले. भंगारवालाही हसला, दोर खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "म्हणजे काकू, हे काही संपायचं नाही." हसता हसता तो आईंच्या शेजारी माझ्यावर टेकला. थोड्या वेळाने निघायला म्हणून उठू लागला तर उठवेना! वर्षानुवर्षं गाडी ढकलून त्याच्या गुडघ्यांचं भंगार झालेलं. त्याने हात पुढे केला, "उस्ताद, जरा ओढा." उस्तादांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "पाच चटया आणा रे याच्यासाठी," ते म्हणाले.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. भंगारवाला अजूनही दर गुरुवारी येतो. त्याच्या दोन चटया राहिल्या आहेत. लंबू पहाटे येतो, त्याच्यासारखे आणखी चार-पाच जण येतात, उस्तादांनी त्यांच्यासाठी वजनं परत आणली. मध्यंतरी वेल्डर आला होता. माझ्याकडे बघून जीभ चावून म्हणाला, "उस्ताद, चूक माझी होती. चार बोटं पाय जोडून देतो." सगळा वर्ग एकदम ओरडला, "नाही!" टपालकाकांनी त्याला समजावलं, "अहो, या बाकावरून जो उठतो, तो जगातल्या कुठल्याही खुर्चीवरून उठतो. आमची शेवटची परीक्षा आहे ही." उभ्या जन्मात माझ्या उंचीचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. माझं रेक्झिन जागोजागी विरलं होतं, तर आईंनी वर जाऊन यंत्राला तेल घातलं आणि मला नवं कातडं शिवलं. या वेळी निळं. टीप दुहेरीच.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी आजी, कुणी आजोबा, कुणी काका खुर्चीतून उठायला धडपडत असतील. तुम्ही प्रेमाने धावाल आणि हात धरून ओढाल. तसं करू नका. जवळ उभे राहा, अगदी जवळ, म्हणजे तोल गेला तर सावरता येईल. पण हात पाठीमागे ठेवा. त्यांना वेळ लागेल. लागू द्या. तुमच्या पहिल्या पावलांना तरी कुठे घाई करून चालली होती? आणि ते उठले की हळूच म्हणा, "अजून एक."

बरं, आता मला आवरलं पाहिजे. साडेनऊ वाजलेत. जिन्यावर पावलं वाजताहेत, एक पायरी, मग दुसरी, कठडा धरून. खाली उस्ताद उभे आहेत, हात पाठीमागे बांधून. आई स्वतः जिना उतरून येताहेत आणि रोजच्यासारख्या आधी माझ्यावरच बसणार आहेत.